दुआ पडलेलं मीठ

मासळी बंद झाली त्या दिवशी मला पहिल्यांदा खरं वाटलं की आपल्याला कॅन्सर झालाय. त्याआधी रिपोर्ट हातात आला होता, गळ्याचं ऑपरेशन झालं होतं, थायरॉइडची ग्रंथी काढून झाली होती. तरी आत कुठेतरी वाटत होतं की हे सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय आणि मी नुसती सोबतीला आलेय. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता आयोडीनची गोळी द्यायची. त्याआधी काही आठवडे मासे, सुकट, अंडं, दूध आणि पाकिटातलं मीठ, सगळं बंद." दापोलीकडची मी, कोकणी मुसलमान, कालवणाशिवाय भाताला हात न लावणारी. तिथेच खुर्चीत रडायला लागले. बाईंना वाटलं, मी कॅन्सरला घाबरले. मला बांगडा आठवतोय हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?

ज्यांना ही गोळी घ्यायची आहे त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. औषधांचं तुम्हाला डॉक्टर सांगतील, आणि न विचारता सगळे नातेवाईकही सांगतील. मला सांगायचंय ते त्या बंद खोलीतल्या एकटेपणाबद्दल आणि बरणीभर मिठाबद्दल.

*

माझं नाव नसीमा. अंधेरीला राहते, पार्ल्याच्या एका शाळेत मराठी शिकवते. "तुमचं मराठी किती छान आहे हो!" असं मला अधूनमधून कुणी ना कुणी सांगतंच. मी म्हणते, "तुमचंही काही वाईट नाही." नवरा सलीम मस्कतला नोकरीला आहे. आम्हाला मूल नाही. घरात मी आणि सासू, म्हणजे अम्मी. अम्मींचे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत, आणि जीभ तर फारच शाबूत आहे.

गाठ सापडली ती आमच्या शिंपिणीला. कुर्त्याच्या गळ्याचं माप घेताना ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, इथे काय सुजलंय?" मी म्हटलं, "ओरडून ओरडून सुजलं असेल." दोघी हसलो. तिने मात्र कुर्ता द्यायच्या वेळी पुन्हा विचारलं, "दाखवलंत का?" तिने दोनदा विचारलं म्हणून मी दाखवलं.

रिपोर्टच्या दिवशी मी एकटीच गेले होते. एवढ्याशा कामाला कुणाला कशाला न्यायचं, असा माझा स्वभाव. बाहेर येऊन बाकावर बसले आणि सलीमला फोन लावला, तर तो ड्यूटीवर, फोन बंद. मग घरी लावला. अम्मींनी उचलला. "काय बोलला डॉक्टर?"

"भाजी काय केलीत?" मी विचारलं.

"भेंडी. काय बोलला?"

"घरी आल्यावर सांगते."

फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. माझ्या शेजारी एक बाई डबा उघडून पोळीचा घास घेत होती. तिने डबा पुढे केला, काही न विचारता. मी घेतला नाही. आज वाटतं, घ्यायला हवा होता.

पुढे जो तो मला एकच गोष्ट सांगत होता: "नशीब समज, थायरॉइडचा आहे. कॅन्सरमधला चांगला कॅन्सर!" डॉक्टर म्हणाले, मुख्याध्यापिका म्हणाल्या, सलीमचा भाऊ म्हणाला. कुणाला हा आजार झाला तर कृपा करून त्याला हे सांगू नका. त्याला रडायची सोयच राहत नाही. रडलं तर माणसं म्हणतात, अगं, लोकांना बघ काय काय होतं.

*

ऑपरेशनला सलीम आला, आणि रजा संपली तसा परत गेला. विमानतळावर जाताना त्याने अम्मींना सांगितलं, "हिला एकटी सोडू नकोस." अम्मींनी ते मनावर घेतलं. माझ्या मागे मागे संडासाच्या दारापर्यंत यायच्या. तरी मी एकटी होते. माझा आवाज बसला होता. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा माझा आवाज आता घरात मोरीपर्यंत जात नव्हता. हाक मारली तरी कुणाला ऐकू येत नाही, हे एकदा अंगवळणी पडलं की माणूस हाक मारणंच सोडून देतो.

त्यात गोळीच्या तयारीसाठी माझं रोजचं थायरॉइडचं औषध बंद केलं होतं. भर उन्हाळ्यात पंखा बंद करून मी शाल गुंडाळून बसायचे. तोंड सुजलेलं. बुद्धी तर अशी बधिर की दुधाची पिशवी कपाटात ठेवून दार लावून घेतलं होतं. जेवण म्हणजे दुधी, भात, डाळ, आणि हॉस्पिटलच्या दुकानातून आणलेलं बिनआयोडीनचं मीठ. तेवढ्या मिठाची अम्मींनी वेगळी छोटी बरणी केली होती.

मग एका गुरुवारी दुपारी आमच्या घरी खत्म झाला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. घरावर मोठं संकट आलं की आमच्यात बायका जमतात आणि युनूस नबींची दुआ सव्वा लाख वेळा म्हणतात. मध्ये पांढरी चादर, चादरीवर चिंचोक्यांचा ढीग. एकदा म्हटलं की एक चिंचोका इकडचा तिकडे. युनूस नबी आपल्या लोकांवर चिडून निघून गेले, गलबतात बसले, तुफान आलं, त्यांना समुद्रात टाकलं आणि एका मोठ्या माशाने गिळलं. त्या काळोखात त्यांनी जी दुआ केली ती ही. त्यात मागणं काहीच नाही. तुझ्यावाचून कुणी नाही, तू पाक आहेस, चूक माझीच, एवढंच आहे.

माझे अब्बा बोटीवर खलाशी होते, ते ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगायचे. म्हणायचे, "लोकांना वाटतं मासा ही सजा होती. मी समुद्र बघितलाय. माशाने गिळलं नसतं तर बुडूनच मेले असते ना! मदत पाठवली होती ती माशाच्या रूपात. आतल्या माणसाला ते कसं कळणार?" अब्बांना फुप्फुसाचा आजार झाला तेव्हाही आमच्या घरी असाच खत्म झाला होता. अब्बा गेले. तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न होता, आणि तो विचारायला जागा नव्हती.

मी आतल्या खोलीत शाल घेऊन पडले होते. बाहेर कुजबुज आणि चिंचोक्यांचा खळखळ आवाज. मधल्या चहाला बायका आपापल्या गोष्टी सांगत होत्या. कुणाचा मुलगा तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि ताडपत्रीवर अडकला. कुणाच्या बहिणीची गाठ ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दिसेनाशीच झाली. एवढ्या बायका माझ्यासाठी आल्या होत्या, आणि आत येऊन माझ्याजवळ बसलं कुणीच नाही. आजारी माणसाला त्रास नको म्हणून. मी भिंतीकडे तोंड करून होते.

त्या गेल्यावर मी अम्मींना विचारलंच. "ज्यांच्या दुआ कबूल झाल्या ते गोष्ट सांगायला येतात. ज्यांच्या नाही झाल्या त्यांचं काय?"

अम्मी चिंचोके पिशवीत भरत होत्या. म्हणाल्या, "दुआ वाया जात नाय गो. मागितलेला मिळतो, नायतर दुसरी मोठी बला टळते, नायतर मेल्यावर तिकडे आखिरतला जमा होतो."

"म्हणजे अल्लाह कधी हरतच नाही."

"तो कशाला हरेल? तू झोप."

*

गोळीच्या आधी तपासणी असते. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढला. शरीरात आयोडीन फारच जास्त निघालं होतं. बाहेरचं खाल्लं? मासे? खोकल्याचं औषध? मी सगळ्याला नाही म्हणत होते, माझ्या त्या चिरक्या आवाजात. त्या म्हणाल्या, "शरीर आधीच भरलेलं असेल तर गोळी कुठे शिरणार? वाया जाईल. पुढे ढकलू या." म्हणजे आणखी पथ्य, आणखी शाल, आणखी ती बधिर बुद्धी. आणि उरलेसुरले जंतू म्हणा, पेशी म्हणा, त्या माझ्या गळ्यात तोपर्यंत काय करणार होत्या? हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, "एवढ्याने बहुतेक काही बिघडत नाही." त्यातल्या "बहुतेक"वर मी रिक्षात पूर्ण वेळ अडून बसले होते.

घरी येऊन जेवायला बसले. अम्मींनी डाळ वाढली आणि फडताळातून निळ्या झाकणाची दुसरीच बरणी काढून वरून चिमूटभर मीठ घातलं. रोज घालत असणार. माझं लक्ष त्या दिवशी गेलं.

"हे कुठलं मीठ?"

"दुआचा." अम्मींचा चेहरा उजळलेला. खत्माच्या वेळी मध्ये ठेवली होती बरणी, झाकण उघडून. शेवटी सगळ्या बायकांनी तिच्यावर दम केला होता, म्हणजे फुंकर मारली होती. मी आत भिंतीकडे तोंड करून होते, मला काय कळणार!

"पण मीठ कुठलं? पाकिटातलं?"

"पाकिटातला होता. सव्वा लाख दुआ पडल्यावर तो बाजारचा मीठ राहतो काय?"

मी ताट सरकवलं. जे बोलायचं ते बोलले, आणि नको तेही बोलले. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, असं आम्हाला लहानपणापासून शिकवतात. मी म्हटलं, "मी उंट बांधून ठेवला होता, अम्मी. तुम्ही येऊन सोडलात. तुमच्या दुआनेच माझी वाट लावली." आवाज नव्हता, त्यामुळे ओरडताही येत नव्हतं. फाटक्या पिपाणीसारखं काहीतरी निघत होतं.  अम्मींनी उठून बरणीचं झाकण लावलं आणि त्या आत गेल्या.

त्यानंतर घरात दोन बायका आणि शांतता. जेवण वेळेवर यायचं. मीठ त्या घालायच्याच नाहीत. माझी छोटी बरणी माझ्यासमोर ठेवून मागे सरायच्या. सलीम फोनवर विचारायचा, "सगळं ठीक ना?" आम्ही दोघीही त्याला ठीक म्हणायचो.

*

दुसऱ्या वेळी तपासणी नीट आली आणि मला बोरिवलीकडच्या एका हॉस्पिटलात दाखल केलं. खोलीचं दार जाडजूड, शिसं घातलेलं. गोळी किरणोत्सर्गी असते. ती पोटात गेली की काही दिवस आपणच लोकांना अपाय करणारे होतो, म्हणून एकटं ठेवतात. आत काय न्यायचं हे विचारलं तर तिथला टेक्निशियन म्हणाला, "जे नेणार ते इथेच ठेवावं लागू शकतं. आवडीची वस्तू आणू नका." म्हणून मी अब्बांची तस्बी, म्हणजे जपाची माळ, घरी ठेवली. जुनी सलवार-कमीज, एक जुनी चादर नमाजला, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन.

गोळी शिशाच्या डब्यातून आली. देणारा लांब उभा, मी एकटीच खोलीच्या मध्यभागी. पाण्याबरोबर गिळली. चव काहीच नव्हती. मग तो मागे गेला आणि दार लागलं. त्या दाराचा आवाजही साधा नव्हता, खोल कुठेतरी गेल्यासारखा होता.

पुढच्यांसाठी थोडं कामाचं सांगते. पाणी खूप प्या. लिंबाच्या गोळ्या चघळा. जेवण दाराबाहेर स्टुलावर ठेवतात, ठेवणारा माणूस निघून गेल्यावरच घ्यायचं. रोज एक जण येऊन लांबून यंत्राने मोजतो, आपल्यात अजून किती विष आहे ते. त्याच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटतात. त्यालाही लवकर जायचं असतं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. खिडकी असली तर बघा. माझ्या खिडकीतून एक पाण्याची टाकी आणि तिच्यावर बसणारा कावळा दिसायचा. तो आला नाही तर मला राग यायचा.

सलीम फोन करायचा, पण तिकडे काम आणि इकडे माझा आवाज. तो सारखा "काय? काय म्हणालीस?" म्हणायचा. शेवटी मी म्हटलं, मेसेज करत जा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मगरिबची नमाज पढले आणि दुआसाठी हात उचलले. वाटलं, युनूस नबींची दुआ म्हणावी, याहून योग्य जागा कुठली सापडणार? तोंड उघडलं आणि शब्द आलेच नाहीत. पहिले दोन आले, पुढे कोरं. बोलायला लागल्यापासून येणारी दुआ. औषध बंद असल्यावर असं विसरायला होतं, हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. पण त्या वेळी ते आठवलं नाही. मला वाटलं, माझ्याकडून ती काढून घेतली. अम्मींना मी जे बोलले त्याची ही सजा. पुन्हा पुन्हा पहिले दोन शब्द म्हणत राहिले. मग त्या चादरीवर बसून रडले. जितकी भीती मला रिपोर्टच्या दिवशी वाटली नव्हती तितकी तेव्हा वाटली. अब्बांचा मासा आठवला. आतल्या माणसाला कसं कळणार?

अम्मींना फोन लावला. वाजण्याआधीच उचलल्यासारखा उचलला.

"काय झाला गो?"

"अम्मी, दुआ आठवत नाही."

"कुठली?"

"तीच."

 मला वाटलं, आता म्हणतील, माझ्याच दुआने तुझी वाट लावली ना, मग कशाला विचारतेस. हक्क होता त्यांचा.

त्या म्हणाल्या, "मी बोलते, तू माझ्या मागून बोल."

एकेक शब्द सांगत गेल्या, आणि मी मराठीची बाई, पहिलीतल्या पोरासारखी मागून म्हणत गेले. मध्येच त्या म्हणाल्या, "जरा मोठ्याने बोल."

"आवाज निघत नाही, अम्मी."

"मग हळू बोल. ज्याला ऐकायचा हाय त्याला ऐकू येतो."

किती वेळा म्हटलं, मोजलं नाही. चिंचोके नव्हतेच. चमत्कार म्हणाल तर कसलाही झाला नाही. गळा दुखत होता तो दुखतच राहिला, दार बंद होतं ते बंदच होतं. फक्त त्या दोन शब्दांच्या पुढे वाट सापडली. तेवढ्यावर मी झोपले.

*

घरी सोडलं तरी काही दिवस कुणाच्या जवळ बसायचं नाही, असं सांगितलं होतं. अम्मी हॉलच्या त्या टोकाला, मी या टोकाला. मी लांबून बघत होते, त्या बारीक झाल्या होत्या. मला वाटलं, वयच आहे.

मधल्या काळात तपासणीचा फोटो आला. गळ्यात उरलंसुरलं होतं तेवढंच उजळलेलं, बाकी शरीरात कुठे काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दर काही महिन्यांनी बघत राहू. मासळी सुरू करायलाही त्यांनीच सांगितलं.

म्हणून दुसऱ्याच सकाळी चंद्राबाईंना बोलावलं. त्या वेसाव्याच्या कोळीण, आमच्या बिल्डिंगला कित्येक वर्षांपासून मासे देतात. दारात टोपली उतरवून बसल्या आणि म्हणाल्या, "आलीस गो? बरा झाला. तुजी सासू तं माजेवर रुसली व्हती. इतके दिवस येक बोंबील घेतला नाय."

अम्मी आत होत्या. मी म्हटलं, "अम्मींनी मासळी घेतली नाही?"

"नाय. आन तुला सांगतू, येक दिस दुपारचे उन्हात मना किनाऱ्यावर दिसली. येकली. रिक्षान आलेली. गुडघ्याव हात ठेवीत पाण्यात गेली आन बरनी उपडी केली. मी बोल्लू, म्हातारे, दर्याला मीठ कमी परला काय?"

"कसली बरणी?"

"निळे झाकनाची."

दम केलेलं मीठ मोरीत किंवा कचऱ्यात टाकता येत नाही. ते वाहत्या पाण्यात नाहीतर समुद्रात सोडावं लागतं. हे मला ठाऊक होतं. आमच्या घरातून ती बरणी नाहीशी झाली होती हे मात्र माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"मग काय म्हणाल्या त्या?"

"माजेशी कंय बोलतंय! दर्याकडं तोंड करून तुमचा ता कायतरी पुटपुटत व्हती. सारखा सारखा तांच. रडत व्हती गो."

ते काय असणार हे मला विचारायची गरज नव्हती. तुझ्यावाचून कुणी नाही, तू पाक आहेस, चूक माझीच. अब्बांच्या गोष्टीतल्या माशाच्या पोटात मी स्वतःलाच धरून चालले होते. त्या दुपारी वेसाव्याच्या उन्हात, गुडघाभर पाण्यात कुणी दुसरंच उभं होतं, आणि घरात त्याच्याशी बोलणारं माणूस नव्हतं. मी होते ना, शाल गुंडाळून.

त्या दिवशी बांगड्याचं कालवण झालं. अम्मींनी माझं ताट टेबलाच्या माझ्या टोकाला ठेवलं आणि त्यांच्या टोकाला जाऊन बसल्या. मी पहिला घास घेतला. कालवण पूर्ण अळणी होतं. कोकम, नारळ, मिरची सगळं जागच्या जागी, आणि मीठ नाही.

"अम्मी, मीठ?"

"तूच घाल." मिठाची बरणी टेबलाच्या मध्ये होती. नवी, लाल झाकणाची. पाकिटातलं मीठ, आता चालत होतं. "माझा हात नको लागायला. तुझा तू घाल."

मला त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. गळ्यातून यायला लागलेल्या त्या अर्ध्यामुर्ध्या आवाजात ते मावलं नसतं. मी बरणीचं झाकण काढलं आणि त्यांच्याकडे सरकवली.

"आधी दम करा," मी म्हटलं. "मग घालते."

 अम्मींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, बरणी दोन्ही हातांनी जवळ ओढली, आणि पुटपुटायला लागल्या.

कालवण निवलं तोपर्यंत. मी थांबले.